सर्वर आमचा, मेल जगभरचे

‘मेल बाउन्स होतायत’ एवढंच फोनवर ऐकून काहीच कळत नाही. आपण पाठवलेला मेल परत येतो, हा एक प्रकार. आपण कधी न पाठवलेल्या मेलचे नकार आपल्या इनबॉक्समध्ये येऊन पडतात, हा दुसरा. आणि आपलाच सर्वर भलत्याच लोकांना ‘तुमचा मेल पोहोचला नाही’ असं कळवत सुटतो, हा तिसरा. तिसरा सगळ्यात वाईट, कारण त्याचा त्रास दुसऱ्यांना होतो आणि मालकाला पत्ताही लागत नाही. जळगाव एमआयडीसीतल्या ज्या चटईच्या कारखान्यातून मला बोलावणं आलं, तिथे तिन्ही प्रकार एकदम चालू होते.

जळगावात प्लास्टिकच्या चटयांचे कारखाने पुष्कळ, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा माल परदेशी जातो. प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंगची स्कॅन कॉपी, सगळं मेलवर चालतं. इथल्या दुबईच्या खरेदीदाराला कागद मिळालेच नव्हते. त्याने व्हॉट्सअॅपवर ‘माल निघाला की नाही?’ असं विचारलं, तेव्हा डिस्पॅचच्या अण्णांनी पाठवलेले मेल उघडून पाहिले, तर खाली नकारांची रांग लागलेली. अकाउंट्सच्या ताईंची तक्रार वेगळीच होती. त्यांच्या इनबॉक्समध्ये कुठल्याकुठल्या भाषांमधले ‘अनडिलिव्हर्ड’ मेल येत होते, आणि त्यांनी तर त्या लोकांना कधी काही पाठवलंच नव्हतं.

सर्वर ऑफिसातच, फायलींच्या कपाटाशेजारी. उबुंटू, त्यावर पोस्टफिक्स (मेल पाठवणारा-घेणारा प्रोग्राम) आणि डव्हकॉट (आलेले मेल लोकांच्या इनबॉक्सपर्यंत नेणारा). एवढ्याशा कारखान्याने आजच्या घडीला स्वतःचा मेल सर्वर चालवणं म्हणजे हौस आहे, हे माझं मत मी शेठना पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि चहा मागवला. म्हणजे विषय संपला.

आधी रांग पाहिली. पोस्टफिक्समध्ये बाहेर जायला थांबलेल्या मेलची यादी एका कमांडवर मिळते. ती यादी स्क्रीनवरून सरकतच राहिली, हजारोंच्या घरात होती. अशा वेळी सगळी रांग एका झटक्यात पुसून टाकायचा मोह होतो, पण तो आवरायचा. त्या कचऱ्यात अण्णांचे खरे इन्व्हॉइसही अडकलेले असतात, आणि कचरा हाच पुरावा असतो. मी सगळी रांग ‘होल्ड’वर टाकली, म्हणजे मेल जागच्या जागी राहतात, बाहेर काहीच जात नाही. मग सर्वरच्या फायरवॉलमध्ये बाहेरून येणारा २५ नंबरचा पोर्ट, म्हणजे दुसरे सर्वर ज्या दारातून मेल आणून देतात ते दार, बंद केला. शेठ घाबरले, म्हणाले, तेवढ्यात खरेदीदाराचा मेल आला तर? येणारे मेल हरवत नाहीत. समोरच्या सर्वरला पोर्ट बंद दिसला तर तो मेल स्वतःच्या रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. निदान चार-पाच दिवस तरी प्रयत्न सोडू नये असं एसएमटीपीचं, म्हणजे मेल देण्याघेण्याच्या पद्धतीचं, मानकच सांगतं, आणि पोस्टफिक्समध्ये ही मुदत मुळातच पाच दिवसांची आहे. घाई न करता काम करायला ही सवलत फार उपयोगी पडते.

मग रांगेतला एकेक मेल उघडून वाचायला घेतला. दोन जातीचे मेल होते. एक, सरळ स्पॅम: पाठवणारा कुणीतरी बनावट, घेणारा कुणीतरी अनोळखी, कारखान्याचा दोघांशीही संबंध नाही. म्हणजे ओपन रिले, कुणाचाही मेल कुणालाही नेऊन देणारा उघडा सर्वर. दुसरे ‘मेलर-डेमन’ने पाठवलेले नकार, ज्यात पाठवणाऱ्याचा पत्ता रिकामा असतो, नुसते दोन कोनी कंस. हे आपल्याच सर्वरने तयार केलेले बाउन्स. पण ते चालले होते ज्याचा पत्ता स्पॅमवाल्याने चोरला त्याच्याकडे. याला बॅकस्कॅटर म्हणतात. बिचाऱ्या तिसऱ्या माणसाच्या नावाने कुणीतरी थापा मारतं आणि आपला सर्वर इमानेइतबारे त्यालाच पत्र पाठवतो की तुझा मेल पोहोचला नाही.

खरी गंमत हेडरमध्ये होती. प्रत्येक मेलच्या हेडरमध्ये ‘रिसीव्ह्ड’ नावाची ओळ असते आणि तो कुठून आला हे तिथे नोंदलेलं असतं. समोरचा ‘हॅलो’ म्हणताना सांगेल ते नाव खोटं असू शकतं, पण कंसातला आयपी पत्ता आपला सर्वर स्वतः पाहून लिहितो. मी एक मेल उघडला, पत्ता १९२.१६८.१.१. दुसरा उघडला, तोच. हॅलोचं नाव दर वेळी निराळं, एकदा कुठलंसं रशियन वाटणारं, एकदा नुसते आकडे, पण कंसात कायम १९२.१६८.१.१. हा तर ऑफिसचा राउटर! राउटर काही स्पॅम पाठवत बसत नाही. पाठवत असलाच तर ती वेगळी गोष्ट, तेही तपासून घेतलं. तसं नव्हतं.

काही महिन्यांपूर्वी इंटरनेटवाल्याने जुना राउटर काढून नवा बसवला होता. ऑफिसात बसून मेल सर्वरचं बाहेरचं नाव वापरलं तरी चालावं म्हणून त्याने त्यात नॅटचा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पत्ते बदलण्याचा, एक नियम घातला. हेतू चांगला होता, पण नियम नको इतका सैल होता. त्याने आतल्यांबरोबर बाहेरच्यांचेही पत्ते बदलून टाकले. म्हणजे जगाच्या पाठीवरून कुणीही २५ पोर्टवर आलं तरी आमच्या सर्वरला ते राउटरच्या आतल्या पत्त्यावरूनच आल्यासारखं दिसे. गेटवरचा वॉचमन येणाऱ्या प्रत्येकाला कारखान्याचा शर्ट चढवून आत सोडतोय, तसंच. आणि पोस्टफिक्सच्या ‘मायनेटवर्क्स’ या ओळीत ऑफिसचं अख्खं १९२.१६८.१ चं जाळं ‘आपलं’ म्हणून लिहिलेलं. आपल्या माणसाला पासवर्ड विचारायचा नाही, तो सांगेल तिथे मेल न्यायचा, असा तो नियम. सर्वर हुकमाप्रमाणेच वागत होता. पोस्टफिक्सची फाइल कितीही वेळा वाचली असती तरी ही चूक त्यात सापडली नसती.

या एका नियमामुळे बाकीचं संरक्षणही आंधळं झालं होतं. ब्लॉकलिस्टवर, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या यादीत, शोधायचं तर पाठवणाऱ्याचा खरा पत्ता हवा, इथे सगळ्यांचा पत्ता राउटरचा. एसपीएफची तपासणी, म्हणजे मेल त्या डोमेनने ठरवून दिलेल्या पत्त्यावरूनच आला का हे पाहणं, त्याच कारणाने फोल. पासवर्ड ओळखायचा प्रयत्न करणाऱ्याला फेलटूबॅन या प्रोग्रामने रोखायचं तर तो राउटरलाच रोखणार, म्हणजे झाडून सगळेच बाहेर. आधीच्या माणसाने कंटाळून फेलटूबॅन बंद करून ठेवलं होतं. का, ते आता कळलं.

राउटरमधला नियम दुरुस्त केला, लॉगमध्ये बाहेरचे खरे पत्ते दिसायला लागले, ‘मायनेटवर्क्स’मधून ऑफिसचं जाळं काढून फक्त सर्वरचा स्वतःचा १२७ चा पत्ता ठेवला. पण रिले बंद झाला की नाही हे ऑफिसात बसून तपासणं व्यर्थ असतं, बाहेरूनच तपासावं लागतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून २५ पोर्ट बऱ्याचदा बाहेर जातच नाही. धुळ्याला माझा कॉलेजचा मित्र आहे, त्याच्या ऑफिसात लीज लाइन आहे. त्याला फोन लावला, पोर्ट थोडा वेळ उघडला.

तपासणी साधी असते. टेलनेटने २५ पोर्टला जोडायचं, हॅलो म्हणायचं, ‘मेल फ्रॉम’मध्ये कुठलाही परका पत्ता, ‘आरसीपीटी टू’मध्ये, म्हणजे घेणारा म्हणून, दुसरा परका पत्ता. उत्तर २५० आलं तर सर्वर उघडा. ५५४ आणि ‘रिले अॅक्सेस डिनाइड’ आलं तर बंद. त्याला ५५४ आला. मी हुश्श करणार तेवढ्यात तो म्हणाला, थांब, तुमच्याच डोमेनचं नाव पाठवणारा म्हणून टाकून बघतो. क्षणभराने फोनमधून मला त्याचा अहिराणीतला आवाज आला, ‘ताई, तुना सर्वर ते उघडाच शे!’ म्हणजे, तुझा सर्वर तर उघडाच आहे.

हे दुसरं भोक राउटरचं नव्हतं, फाइलमधलंच होतं. कधीतरी शेठचा मेल त्यांच्याच ऑफिसात अडकला असणार. तो सुटावा म्हणून कुणीतरी ‘पाठवणारा आपल्या डोमेनचा असेल तर येऊ द्या’ अशी ओळ घातली होती, आणि तीही परक्यांना नकार देणाऱ्या ओळीच्या आधी. पोस्टफिक्स नियम वरून खाली वाचतो, पहिली परवानगी मिळाली की पुढचं बघत नाही. आणि पाठवणाऱ्याचा पत्ता काय, कुणीही काहीही लिहावं, तो पुरावा नव्हेच. २०१३ मध्ये पोस्टफिक्सच्या २.१० आवृत्तीत रिलेचे नियम वेगळ्या यादीत काढले, ते नेमके असले अपघात टाळायला. पण इथे सर्वर जुन्यावरून नव्यावर आणताना ती यादी रिकामी ठेवून दिलेली. मी ती भरली: आधी स्वतःचं जाळं, मग पासवर्ड देऊन आलेले, मग बाकी सगळ्यांना नकार. मित्राने पुन्हा सगळं करून पाहिलं. टक्क्याचं चिन्ह घालून एका पत्त्यात दुसरा पत्ता लपवायची जुनी युक्तीसुद्धा. सगळीकडे ५५४.

थोडं विषयांतर. एसएमटीपीचं मूळ मानक १९८२ चं, जॉन पोस्टेल यांनी लिहिलेलं. त्या काळी एका सर्वरने दुसऱ्याचा मेल पुढे नेऊन देणं हा शेजारधर्म होता. स्पॅमने तो निकालात काढला. सेंडमेल या जुन्या मेल सर्वर प्रोग्रामने १९९८ मध्ये ८.९ आवृत्तीपासून रिले मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. त्यामुळे आज नवीन बसवलेला मेल सर्वर आपणहून उघडा नसतो. त्याला उघडं कुणीतरी करतं, आणि बहुतेक वेळा कुणाची तरी सोय करायच्या नादात.

सोयीचा मुद्दा लगेच आलाच. ‘मायनेटवर्क्स’ आवळल्याबरोबर ऑफिसातल्या सगळ्यांचे मेल जायचे बंद. आता प्रत्येकाला ५८७ पोर्ट (आपल्या माणसांनी मेल द्यायचं वेगळं दार), टीएलएस (मधलं बोलणं कुणाला वाचता येऊ नये अशी सोय) आणि पासवर्ड. टेबलाटेबलाला जाऊन सेटिंग बदलली. टॅलीतून जाणारे मेल, वजनकाट्याच्या कॉम्प्युटरवरून जाणारी पावती, तेही झालं. अडली ती कोपऱ्यातली जुनी झेरॉक्स-स्कॅनर मशीन. तिला पासवर्ड देता येतो, पण तिचं टीएलएस इतकं जुनं की सर्वर तिच्याशी बोलायला तयार नाही. तिच्यासाठी सर्वरची सुरक्षा खाली आणायची मला मान्य नव्हतं. तिला राउटरमध्ये एक कायमचा पत्ता बांधून दिला आणि तेवढाच एक पत्ता ‘मायनेटवर्क्स’मध्ये घातला. आदर्श नाही. पण अख्खं जाळं उघडं ठेवण्यापेक्षा एक मशीन परवडली.

आता बाउन्स. इथे माझं ठाम मत आहे: नाही म्हणायचं तर दारातच म्हणा. समोरचा सर्वर जोडलेला असतानाच ‘असा माणूस इथे नाही’ असं ५५० चं उत्तर दिलं, की पाठवणाऱ्याला कळवायची जबाबदारी समोरच्याची. तो खरा असेल तर आपल्या माणसाला सांगेल, स्पॅमचा बॉट असेल तर निघून जाईल, तिसऱ्या कुणालाही पत्र जात नाही. पण एकदा २५० म्हणून मेल घेतला आणि मग लक्षात आलं की हा पत्ताच नाही, तर नकाराचं पत्र आपल्याला लिहावं लागतं, आणि ते लिहिणार कुणाला? बनावट पत्त्याला. या सर्वरवर खऱ्या खात्यांची यादी बघण्याची ओळ रिकामी ठेवलेली होती, म्हणून तो डोमेनच्या नावाने येणारं काहीही आधी गिळायचा आणि मग ओकायचा. यादी जोडली, आणि लॉगमध्ये ‘यूजर अननोन’चे नकार धडाधड दिसायला लागले. ते पाहून अण्णांना वाटलं काहीतरी बिघडलं. उलट तेच हवं होतं.

दुसरी गोची डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या नाव-पत्त्यांच्या नोंदवहीत, होती. डोमेनला दोन एमएक्स, म्हणजे ‘मेल इथे आणून द्या’ अशा नोंदी, होत्या: पहिला हा सर्वर आणि दुसरा होस्टिंगवाल्याकडचा, ‘बॅकअप’ म्हणून. त्या बॅकअपला इथली खाती माहीत नाहीत, तो सगळं घेतो आणि मग आमच्याकडे पाठवतो. आम्ही नाही म्हटलं की तो बाउन्स तयार करतो. स्पॅमवाले मुद्दाम दुसऱ्या एमएक्सवर जातात, कारण तिथली तपासणी ढिली असते. समोरचे सर्वर दिवसचे दिवस प्रयत्न करतच असताना छोट्या कारखान्याला बॅकअप एमएक्सची गरज नाही. काढून टाकला. शेठनी सुट्टीवर असताना लावलेलं ‘मी बाहेरगावी आहे’ हे आपोआप जाणारं उत्तरही स्पॅमला उत्तरं देत होतं, तेही गेलं.

स्थानिक ग्रुपवर एकाने सल्ला दिला होता की रिकाम्या पाठवणाऱ्याचे सगळे मेल बंदच करा, म्हणजे ताईंचा त्रास मिटेल. हे करू नये. रिकामा पत्ता मुद्दाम ठेवलेला असतो, दोन सर्वरनी एकमेकांना नकार पाठवत बसू नये म्हणून, आणि तो स्वीकारायलाच हवा असं मानक सांगतं. तो बंद केला तर अण्णांनी खरेदीदाराच्या पत्त्यात एक अक्षर चुकवलं तरी त्यांना कधी कळणार नाही. ताईंकडे येणारे नकार उघडून बघितले. आतल्या मूळ मेलचे हेडर वाचले की तो आपल्या सर्वरवरून निघाला होता की नाही ते कळतं. निम्मेअधिक आपल्याकडून गेलेच नव्हते, नुसतं नाव वापरलेलं.

त्यावर उपाय डीएनएसमधला. एसपीएफमध्ये ‘आमचा मेल फक्त या पत्त्यावरून येतो, बाकी नाकारा’ असं लिहिलं. डीकेआयएमची सही सुरू केली, कारण खरेदीदाराने मेल पुढे वळवला की एसपीएफ तुटतं, सही टिकते. डीमार्क, म्हणजे या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद, आधी नुसतं अहवाल मागवण्यापुरतं, मग क्वारंटाइन, म्हणजे असा मेल संशयित समजा. गूगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. रोज पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना तर तिन्ही लागतात. हा कारखाना त्या आकड्याच्या जवळपासही नाही, पण एसपीएफ किंवा डीकेआयएम आणि रिव्हर्स डीएनएस (आयपी पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद) तर सगळ्यांनाच हवं. ते रिव्हर्स नाव इंटरनेटवाल्याच्या हातात असतं. त्याच्या मागे लागून लागून मिळालं. तोवर सर्वर जगाला स्वतःची ओळख ‘लोकलहोस्ट’ अशी करून देत होता, म्हणजे नाव विचारलं तर ‘मीच मी’ म्हणण्यातला प्रकार. तेही बदललं.

एवढ्या स्पॅममुळे आपला सर्वर ब्लॉकलिस्टमध्ये गेला होता, तिथून नाव काढायची विनंती मी सगळ्यात शेवटी केली. स्पॅमहाउस या अशा याद्या ठेवणाऱ्या संस्थेच्या पानावर पत्ता टाकला की कुठल्या यादीत आणि कशामुळे ते दिसतं. कारण दूर न करता विनंती केली तर पत्ता पुन्हा यादीत जातो आणि मग कुणी लवकर ऐकून घेत नाही. येणाऱ्या मेलसाठी आपणही त्यांची यादी वापरायची ठरवली तेव्हा एक खाचखळगा आडवा आला: सर्वर डीएनएसची चौकशी गूगलच्या ८.८.८.८ या सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत (नावांचे पत्ते शोधून देणाऱ्या सर्वरमार्फत) करत होता. तिथून विचारलं की स्पॅमहाउस यादीऐवजी १२७.२५५.२५५.२५४ हे उत्तर देतं, म्हणजे ‘सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत विचारू नका’. सेटिंग बेफिकीर असेल तर सर्वर ते ‘हा स्पॅमर आहे’ असं वाचतो आणि सगळ्यांनाच नाकारतो. सर्वरवरच अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर बसवून प्रश्न मिटवला.

होल्डवरची रांग चाळायला सर्वांत कंटाळा आला. कारखान्याच्या खात्यांवरून निघालेले मेल वेगळे काढले, अण्णांना शेजारी बसवून एकेक विचारला: हा जाऊ द्यायचा की नवीन दरपत्रक गेलंय? ते म्हणाले ते सोडले, बाकीचे गुपचूप पुसले. गुपचूप अशासाठी की पुसलेल्या मेलचा बाउन्स जात नाही. दुबईवाल्याला कागद मिळाले, त्याने अंगठा पाठवला.

राउटरमध्ये आता ऑफिसातून बाहेर जाणारा २५ पोर्ट फक्त सर्वरला आहे, एखाद्या कॉम्प्युटरला व्हायरस लागला तरी तो थेट स्पॅम पाठवू शकणार नाही. फेलटूबॅन परत चालू झालं, आणि पहिल्याच रात्री ‘अकाउंट्स’ नावाच्या खात्यावर पासवर्ड मारणाऱ्यांची यादी त्याने दाखवली. ताईंचा पासवर्ड कारखान्याचं नाव आणि १२३ होता. तो त्यांनी माझ्यासमोर बदलला. रोज सकाळी लॉगचा गोषवारा मला मेलवर येतो, रांग ठरावीक आकड्याच्या वर गेली तर फोनवर खबर येते. इंटरनेटवाल्याने राउटरला हात लावला की धुळ्याला फोन करून तपासणी करून घ्यायची, हे शेठनी स्वतः डायरीत लिहून घेतलंय. झेरॉक्स मशीनचं मात्र ‘दिवाळीनंतर बघू’ असं ठरलंय.